स्टीफन्सच्या गावचे देऊळ

नाताळचा सण आला म्हणजे सर्वधर्मसमभावाविषयी चार गोड शब्द बोलण्याची आपल्याकडे प्रथा पडून गेली आहे. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असे म्हणावयाचे, टाळ्या घ्यावयाच्या आणि घरी जावयाचे. या बोलण्यात द्वेष नसतो हे खरे. पण जिज्ञासाही नसते. शेजाऱ्याचे देऊळ कोणी बांधले, कोणी मोडले, कोणी सांभाळले, हे काहीच न विचारता उंबऱ्याबाहेरूनच हात जोडून पुढे जाणे याला आम्ही समभाव म्हणत नाही. ती सभ्य उदासीनता आहे. परधर्माचा आदर करावयाचा, तर त्याचे एखादे तरी देऊळ पोथी वाचावी तसे, पानामागून पान उलटीत वाचले पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे. त्या मताला धरून आजच्या सणाला आम्ही वाचकांपुढे एक देऊळ ठेवीत आहोत.

हे देऊळ इंग्लंडात आहे. तेथल्या विल्टशर परगण्यात, स्विंडन शहराच्या नैर्ऋत्येस, खडूच्या टेकड्यांच्या कड्याखाली क्लिफ पायपार्ड नावाचे लहानसे खेडे आहे. ‘क्लिफ’ म्हणजे कडा आणि ‘पायपार्ड’ हे मध्ययुगातील जमीनदार घराण्याचे नाव. गावाच्या चर्चला संत पीटरचे नाव आहे. लंडनच्या सेंट पॉलसारखी त्याची कीर्ती नाही आणि प्रवाशांच्या झुंडीही तेथे लोटत नाहीत. तरीही मराठी माणसाने ते मुद्दाम ओळखावे असे एक कारण आहे. या गावाच्या हद्दीत बुश्टन नावाची वाडी आहे आणि त्या वाडीत सुमारे १५४९ साली टॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स ते हेच. आमच्या भाषेच्या वैभवात ज्यांनी भर घातली, त्यांच्या गावचे देऊळ आम्हांस सर्वस्वी परके कसे म्हणता येईल?

प्रथम वास्तूचा विचार करू. इंग्लंडात ‘पॅरिश’ म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली दिलेला गावाचा टापू आणि त्या टापूचे जे देऊळ ते पॅरिश चर्च. त्याची रचना आपल्या वाचकांस फार अपरिचित वाटणार नाही. लोकांनी जमावयाचा लांबट मंडप, त्याला ‘नेव्ह’ म्हणतात. मंडपाच्या दोन्ही बाजूंस खांबांच्या ओळींपलीकडे बाजूच्या पडव्या. आणि पूर्वेच्या टोकाला वेदीचा अंतर्भाग, तो ‘चॅन्सेल’. सभामंडपातून गर्भगृहाकडे जाताना आपल्याकडे जशी पवित्रतेची पायरी चढत जाते, तशीच येथेही जाते. उपासकाचे मुख पूर्वेकडे असते; घंटांचा मनोरा बहुधा पश्चिमेस असतो. बाप्तिस्म्याचे दगडी पात्र नेहमी प्रवेशद्वाराजवळ ठेवतात, कारण ख्रिस्ती धर्मात पाऊल टाकावयाचे ते या पाण्यातूनच, आणि भोवती असते दफनभूमी. गावातील मनुष्य दाराजवळ नाव घेतो, मंडपात लग्न लावतो आणि शेवटी अंगणात विसावतो. एका आयुष्याची सारी वाट दोनचारशे पावलांत सामावलेली असते.

या रचनेमागे एक जुना नियम होता, तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. अंतर्भागाची डागडुजी धर्मगुरूच्या उत्पन्नातून व्हावयाची आणि मंडपाची डागडुजी गावाने करावयाची. त्यासाठी गाव आपल्यातूनच दरवर्षी कारभारी निवडी; त्यांस ‘चर्चवॉर्डन’ म्हणतात आणि ती पद्धत अजूनही चालू आहे. छप्पर गळू लागले की राजाकडे किंवा सरदाराकडे न पाहता गावाने पदरचे पैसे काढावयाचे. सण, मेजवान्या, वर्गण्या, मृत्युपत्रातील देणग्या यांतून हा खर्च भागे. म्हणूनच पंधराव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांत थोडी सुबत्ता आली, तेव्हा ती चर्चच्या मंडपांत दिसू लागली. जुन्या बुटक्या भिंती उतरवून उंच, रुंद खिडक्यांचे मंडप गावोगाव उभे राहिले. उभ्या रेषांवर भर देणाऱ्या या शैलीला ‘पर्पेंडिक्युलर’ असे नाव आहे. क्लिफ पायपार्डचे आजचे चर्च मुख्यत्वे याच काळातील आहे.

त्या काळच्या चर्चमध्ये मंडप आणि अंतर्भाग यांच्यामध्ये कोरीव लाकडी पडदा असे. पडद्याच्या वर क्रुसावरील ख्रिस्त आणि त्याच्या दोन बाजूंस त्याची माता मरिया व शिष्य योहान अशा मूर्ती असत. भिंतींवर संतांची चित्रे असत आणि मूर्तींपुढे मेणबत्त्या तेवत. पूजाविधी लॅटिनमध्ये चाले. त्या भाषेतील फारच थोडे शब्द शेतकऱ्यास कळत. पण त्याचे डोळे मात्र भरून येत. आम्हांस ठाऊक असलेल्या शब्दांत सांगावयाचे, तर ते दर्शनाचे देऊळ होते.

मग सोळावे शतक उजाडले आणि एका पिढीच्या आत हे सारे उलथून पडले. १५३८ साली प्रत्येक गावाने जन्मविधी, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी आणि चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवावे, अशी राजाज्ञा झाली. १५४८ साली चर्चमधील सर्व मूर्ती काढून टाकण्याचा हुकूम निघाला. भिंतींवरील चित्रांस चुना फासला गेला. १५४९ साली लॅटिन विधी बंद होऊन इंग्रजीतील प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले. पुढच्याच वर्षी जुनी विधिपुस्तके नष्ट करण्याचा कायदा झाला. १५५३ साली मेरी राणी गादीवर आली, तेव्हा लॅटिन परतले. १५५९ साली एलिझाबेथ राणीने ते पुन्हा घालविले. हे हुकूम परक्या आक्रमकाचे नव्हते, आपल्याच राजाचे होते आणि मोडणारे हात पुष्कळदा त्याच गावच्या सुताराचे व गवंड्याचे होते. क्लिफ पायपार्डमध्ये पंधराव्या शतकातील लाकडी पडदा अद्याप आहे. वरच्या मूर्ती नाहीत. त्या रिकाम्या जागेइतके बोलके पान या पोथीत दुसरे नाही.

आता वाचकांनी सालाकडे लक्ष द्यावे. स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ चा. म्हणजे ज्या सुमारास इंग्लंडच्या खेड्यांतून लॅटिन गेले, त्याच सुमाराचा. वयाची दहा वर्षे उलटण्यापूर्वी या मुलाच्या देशाने उपासनेची भाषा तीनदा बदलली. पुढे स्टीफन्स यांनी जुन्या कॅथलिक पंथाचा मार्ग धरला, देश सोडला आणि १५७५ साली रोम येथे जेझुइट संघात प्रवेश केला. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेले त्यांचे गलबत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचेच नाव घेतात. पुढील चाळीस वर्षे, १६१९ साली देह ठेवीपर्यंत, ते गोव्यातच राहिले. त्यांतील बहुतेक काळ साष्टी प्रांतात गेला.

साष्टीचे नाव घेतले म्हणजे मराठी व कोंकणी माणसाच्या मनात काय जागे होते, ते लपविण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. स्टीफन्स येण्याच्या बारा वर्षे आधी, १५६७ साली, पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, ती याच दशकातील गोष्ट. लोकांनी देव पाठीवर घेऊन नदी ओलांडली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावचे प्रमुख बोलावून घेऊन ठार करण्यात आले. जुन्या पुराणांवर बंदी होती. धर्मांतर केलेल्या लोकांस आता वाचावयास काहीच नाही, तेव्हा आम्हांस नवे पुराण द्या, अशी मागणी झाल्याचे ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच आले आहे. त्या रिकाम्या झालेल्या जागी सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ आला आणि १६१६ साली राशोल येथे रोमन अक्षरांत छापला गेला.

येथे आमच्यासारख्या कथेकऱ्याची खरी परीक्षा आहे. दोन सोप्या वाटा समोर आहेत. एक म्हणजे ग्रंथाची भाषा गोड आहे, मराठीची स्तुती आहे, एवढेच सांगून पाडलेल्या देवळांविषयी मौन पाळणे. दुसरी म्हणजे देवळे पाडली गेली एवढेच सांगून ग्रंथ दूर फेकणे. दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांस श्रोते मिळतात. पण दोन्हींत पोथीचे अर्धे पान फाडावे लागते. आम्ही असे म्हणतो की, स्टीफन्स यांच्या जन्मगावचे देऊळ पाहिले म्हणजे तिसरी वाट दिसू लागते. ज्या देशात देवाच्या मूर्ती उतरविल्या गेल्या, भिंती पुसल्या गेल्या, पोथ्या जाळल्या गेल्या, त्या देशाचा हा पुत्र. आणि ज्या भूमीत त्याच्याच पंथाच्या सत्तेने तेच केले, त्या भूमीत येऊन तो तेथल्या लोकांची भाषा शिकला. त्याच्या मनात या दोन गोष्टींची कधी गाठ पडली की नाही, हे त्याचे त्यास माहीत. पण आपण, जे आज दोन्ही पाने एकदम वाचू शकतो, त्यांनी ती गाठ घातली पाहिजे. मूर्ती भंगताना होणारे दुःख विल्टशरच्या शेतकऱ्याला वेगळे आणि साष्टीच्या गावकऱ्याला वेगळे असे नसते. हे कळले म्हणजे दुसऱ्याच्या जखमेकडे पाहण्याची दृष्टी येते आणि आपल्या जखमेचे शस्त्र करण्याची इच्छा ओसरते.

आणखी एक गोष्ट. ज्या वादात लॅटिनचा पक्ष घेऊन स्टीफन्स यांनी घर सोडले, त्या वादाचा एक गाभा भाषेचाच होता. देवाशी बोलावयाचे ते कोणत्या भाषेत? विधीची भाषा त्यांनी लॅटिनच मानली; परंतु कथा मात्र लोकांच्या वाणीत सांगितली आणि वृत्तही ओवीचे घेतले. एकनाथ महाराजांनी १५९९ साली समाधी घेतली. म्हणजे स्टीफन्स गोव्यात ओव्यांचा अभ्यास करीत असण्याच्या काळात पैठणास नाथांची वाणी संस्कृताचे भांडार प्राकृतात उघडीत होती. गोदातीरीच्या ब्राह्मणाला आणि विल्टशरच्या पाद्र्याला एकाच छंदाचा आश्रय घ्यावासा वाटला, यात ओवीचा केवढा गौरव आहे!

इकडे क्लिफ पायपार्डची कथा थांबली नव्हती. तेथल्या उपदेशपीठावर १६२९ हे साल आहे. मूर्ती गेल्या, तेव्हा त्या जागी प्रवचन आले; दर्शनाचे देऊळ श्रवणाचे देऊळ झाले. आम्ही स्वतः नारदांच्या गादीवर उभे राहणारे, तेव्हा श्रवणाचे माहात्म्य आम्हांस कोणी सांगावयास नको. तरीही आम्ही म्हणतो की, डोळ्यांना उपाशी ठेवून केवळ कान भरणे ही एकांगी भक्ती होय. कीर्तनकार उभा राहतो तो देवाच्या समोर, देवाच्या जागी नव्हे.

त्याच चर्चमध्ये एका सुताराचे संगमरवरी स्मारक आहे. टॉमस स्पॅकमन हे त्याचे नाव. तो १७८६ साली वारला. पुतळ्याजवळ त्याची हत्यारे कोरलेली आहेत आणि पायाशी मुले आहेत, कारण गावच्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी त्याने धन ठेवले होते. सरदारांच्या समाध्या इंग्लंडच्या खेडोपाडी पुष्कळ दिसतील. पण करवत आणि रंधा धरणाऱ्या हातांची अशी आठवण क्वचितच राखली जाते. ज्यांच्या श्रमाने देवळे उभी राहतात, त्यांची नावे आपल्याही देवळांतून किती सापडतात, याचा विचार वाचकांनी करावा.

एकोणिसाव्या शतकात या देवळाला जीर्णोद्धारक भेटला. विल्यम बटरफील्ड हा त्या काळचा मोठा वास्तुविशारद. १८६० साली त्याने येथील अंतर्भाग नव्याने बांधविला आणि १८७३-७४ मध्ये उरलेल्या वास्तूची दुरुस्ती केली. मुंबईकरांनाही त्याचे काम परके नाही. कुलाब्याच्या ज्या अफगाण चर्चचे उंच निमुळते शिखर दुरून दिसते आणि ज्याची प्रतिष्ठा १८५८ साली झाली, त्याच्या अंतर्भागाच्या सजावटीत याच बटरफील्डचा हात होता. मध्ययुगातील इंग्रजी ग्रामचर्च हा आदर्श समोर ठेवून ते बांधले आहे. तेव्हा ज्यांना विल्टशरपर्यंत जाणे शक्य नाही, त्यांनी कुलाब्यापर्यंत जावे.

बटरफील्डच्या पिढीची श्रद्धा खरी होती. ढासळती छपरे तिने सावरली, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चर्चचे ‘शुद्ध’ रूप कोणते, हे आपल्याला ठाऊक आहे, असा त्या पिढीचा विश्वास होता. त्या विश्वासापायी देशभर कितीतरी चर्चचा जुना गिलावा खरवडला गेला, सतराव्या-अठराव्या शतकांतील बाके फेकली गेली आणि मधल्या काळाची पाने गळाली. या खरवडण्याविरुद्ध विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. जुन्या वास्तूची निगा राखा, तिला टेकू द्या, पण तिच्या नावावर नवी वास्तू खपवू नका, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

या वादात आमचा कौल मॉरिसच्या बाजूस आहे आणि तो आम्ही आमच्या शास्त्राच्या आधारे देतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. शेकडो हस्तलिखिते ताडून मूळ पाठ निश्चित केला. परंतु जे श्लोक क्षेपक ठरले, ते त्या पंडितांनी जाळले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते अक्षरशः जपले. ज्याला ते वाचावयाचे आहेत, त्याला वाट खुली ठेवली. वास्तूत ही सोय नसते. खरवडलेला गिलावा परिशिष्टात ठेवता येत नाही. म्हणून वास्तूच्या बाबतीत हात दुप्पट जपून टाकावा लागतो. आमच्याकडे काळ्या पाषाणाच्या कोरीव देवळांवर तैलरंग चढवून आणि गुळगुळीत फरश्या बसवून ‘जीर्णोद्धार’ करणाऱ्या भाविकांनीही हा विवेक बाळगावा. भक्ती मोठी असली तरी तिने मागच्या पिढ्यांची भक्ती पुसून टाकावी, असा अधिकार तिला पोहोचत नाही.

या देवळाच्या अंगणात अखेरची एक समाधी आहे, तिच्यापाशी आम्ही वाचकांस घेऊन जातो. निकोलाउस पेव्हस्नर यांचा जन्म १९०२ साली जर्मनीतील लाइपझिग येथे ज्यू कुटुंबात झाला. तारुण्यात ते लुथरन पंथाचे झाले होते. पण वंशाचा हिशेब करणाऱ्या नाझी राजवटीने १९३३ साली त्यांची अध्यापकी काढून घेतली. ते इंग्लंडात आले. युद्धकाळात १९४० साली त्याच इंग्लंडने त्यांस शत्रुदेशीय म्हणून काही काळ अटकेत ठेवले. असा हा दोनदा परका ठरलेला मनुष्य; त्याने पुढे इंग्लंडचा परगणा अन् परगणा पालथा घातला आणि तेथल्या वास्तूंची ४६ खंडांची नोंद १९५१ ते १९७४ या काळात प्रसिद्ध केली. खेड्यांतील हजारो चर्चची कमान कोणत्या काळची, पडदा कोणत्या शतकातला, पुतळा कोणाचा, हे त्याने इंग्रजांनाच समजावून सांगितले. विल्टशरचा खंड १९६३ साली निघाला. १९८३ साली पेव्हस्नर वारले आणि क्लिफ पायपार्डच्या चर्चच्या अंगणात पत्नीशेजारी विसावले.

एकाच गावचे हे दोन पुरुष पाहा. एक तेथे जन्मला आणि परक्या मातीत, परक्या भाषेची सेवा करून संपला. दुसरा परक्या देशात जन्मला आणि या गावच्या मातीत मिसळला. दोघांनीही दुसऱ्याची वस्तू अभ्यासाने आपलीशी केली. स्टीफन्स यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो लपविण्याचे कारण नाही. पण अभ्यास खरा होता, म्हणून हेतूच्या पलीकडे ग्रंथ उरला. समभाव शिकावयाचा तर या अभ्यासापासून शिकावा. तो भाषणाने येत नाही. व्याकरण घोटून, खांब मोजून, सनावळ्या ताडून येतो.

आज इंग्लंडात अधिकृत चर्चची सुमारे १६,००० देवळे आहेत आणि पुष्कळ खेड्यांत रविवारी मूठभरच लोक जमतात. क्लिफ पायपार्डचे चर्च प्रथम श्रेणीची संरक्षित वास्तू आहे. कायदा त्याच्या भिंतीस हात लावू देणार नाही. परंतु कायद्याने भिंत राहते, गाव राहत नाही. छप्पर कोणी शाकारावयाचे, घंटा कोणी वाजवावयाची, हा पंधराव्या शतकातील प्रश्न तेथे पुन्हा उभा आहे, आणि आपल्या ओस पडत चाललेल्या खेड्यांतूनही तो उभा राहू लागला आहे. त्याचे उत्तर शासनाच्या फलकावर मिळणार नाही. मंडप गावाने सांभाळावा, हा जुना नियमच त्याचे उत्तर होय.

म्हणून या नाताळात आमची वाचकांस एकच विनंती आहे. आपल्या गावात, शेजारच्या शहरात, जेथे एखादे जुने चर्च असेल, तेथे जा. मेणबत्ती लावावी की नाही, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडा. पण दाराजवळचे पाण्याचे पात्र पाहा, भिंतीवरील नावे वाचा, ते कोणी व केव्हा बांधले ते तेथल्या माणसांस विचारा. आणि त्यांनी आपल्या देवळाविषयी तसेच विचारले, तर नीट उत्तर देता येईल इतके आपलेही देऊळ वाचून ठेवा.